छिन्नीच्या खुणा

शेडचं दार उघडलं आणि थोरलीच्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो लिहिण्यासारखा नाही.

नांगर लाल झाला होता. चार दिवसांपूर्वीपर्यंत गंजका, तेलकट, काळपट असलेला तीन तव्यांचा जुना नांगर आता नखशिखांत लालभडक होता. मधला जाड दांडा, ज्याला घरात सगळे कणा म्हणत, तो लाल. मागचं चाक लाल. नट, बोल्ट, साखळ्या, सगळं लाल. आणि ज्यांना शहाणा माणूस जन्मात रंग लावत नाही, ते जमीन कापणारे तिन्ही गोल तवेसुद्धा लाल, वर चकाकीचा थर. तवा घासून घासून गुळगुळीत झालेला असावा लागतो, तरच माती त्याच्यावरून घसरून पलटते. रंगवलेल्या तव्याला ती अशी चिकटून बसते की नांगर चालत नाही, नुसता ओढला जातो. हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक असेल. ठाऊक नसलेला माणूस एकच, आणि तो तिच्या मागे चिंधीला हात पुसत उभा होता.

"कसा दिसतोय?" धाकट्या भावानं विचारलं. "चार दिवस खपलोय, ताई. सगळा गंज काढला. जिथं जिथं खड्डे होते, चरे होते, ते पुट्टीनं भरून टाकले. आता कुणीही बघितला तर थांबेल की नाही?"

"तवे कुणी रंगवायला सांगितले तुला?"

"मग काय, तसेच काळे ठेवायचे? फाटकाशी उभा करायचा म्हणजे जरा नीट नको दिसायला?" त्यानं हनुवटीवरचा जुना व्रण खाजवला. काही चुकलंय असं वाटलं की त्याचा हात तिथं जायचा, लहानपणापासून नव्हे, एकोणिसाव्या वर्षापासून.

फाटकाशी. हा शब्द गेले दोन आठवडे घरात फिरत होता आणि तो ऐकला की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शहरात दुकानांच्या पाट्या करून देणाऱ्या धाकट्यानं फोनवरून आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, गळी एक गोष्ट उतरवली होती. शेतं ठेकेदाराकडे द्यायची, त्याचं हत्तीएवढं यंत्र येऊन एका दिवसात सगळं उलथून जाईल. ताईनं आता आराम करावा. नांगर फाटकाशी, भोवती फुलझाडं, पुढं एक जाड लोखंडी पाटी. पाटी तर त्यानं येतानाच करून आणली होती: 'आमच्या वडिलांचा नांगर.' अक्षरं मात्र सुरेख होती. त्याला तेवढंच येत होतं.

थोरली चोपन्न वर्षांची. त्यातली तीस वर्षं तिनं या नांगरापुढच्या ट्रॅक्टरवर काढली होती. लग्नाचं कुणी विचारलं नाही असं नाही, पण विचारायला येणारे नेहमी पेरणीच्या तोंडावर यायचे. शेत तिच्या नावावर नव्हतं, घर तिच्या नावावर नव्हतं. आराम कर म्हणजे काय, हे तिला बरोबर कळलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसऱ्याचं यंत्र आपल्या जमिनीवर फिरताना बघत बसायचं, आणि कुणी विचारलं तर छान चाललंय म्हणायचं.

आप्पांनी मात्र एक अट घातली होती. एक्याऐंशीचे आप्पा, दोन्ही गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण शब्द असा की टाकला की टाकला. ते म्हणाले होते, "ठेकेदारासमोर नांगर लावायचा. माझ्या खुणांवर. खालच्या शेतात एक तास सरळ निघाला, तर शेत थोरलीचं. माझ्यामागंही तिचंच. नाही निघाला तर ते लोखंड मेलं असं समजायचं, करा मग काय शोभा करायची ती." तास म्हणजे नांगराच्या एका फेरीत जमिनीत पडणारा लांब चर. आप्पांच्या लेखी माणसाची सगळी लायकी त्या चरात दिसते.

ही परीक्षा आज सकाळी होती. अजून तासाभरानं.

थोरली नांगराच्या मागे जाऊन वाकली. मागचं चाक ज्या पट्टीवर बसतं, त्या पट्टीच्या आडोशाला तारेनं बांधलेला एक लोखंडी तुकडा असायचा. तार नव्हती आणि तुकडाही नव्हता.

"इथं एक पाचर होती."

"तो गंजका तुकडा? भंगारात दिला. ताई, दोन पोती भंगार निघालं या शेडमधून! तुला कल्पना नाही काय काय साठवून ठेवलंयस."

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा लवलेश नव्हता. पाचर कशाची, कुणामुळं, कधीपासून, यातलं त्याला काही आठवतच नव्हतं. त्यानं मुद्दाम केलं असतं तर तिला परवडलं असतं. मुद्दाम करणाऱ्याशी निदान भांडता येतं.

खुणांची गोष्ट अशी. आप्पांनी हा नांगर तरुणपणी जुन्या बाजारातून आणला, तेव्हा तो सरळ चालत नव्हता. एक अख्खा हंगाम त्यांनी त्याच्याशी झटापट केली. तव्यांचा कोन, तव्यांचा कल, पुढचा आडवा दांडा किती फिरवायचा, नांगराला ट्रॅक्टरशी वरून जोडणारी टॉपलिंक किती आटे आत घ्यायची, मागच्या चाकाचं तोंड कुठं ठेवायचं, सगळं बोटाबोटानं हलवून बघितलं. मग एका दिवशी नांगर लोण्यातून जावा तसा गेला. त्याच दिवशी आप्पांनी छिन्नी आणि हातोडा घेऊन सात ठिकाणी खुणा पाडल्या. हलणाऱ्या भागावर एक रेघ, स्थिर भागावर एक रेघ. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या की नांगर लागला. त्यानंतर त्या खुणांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. घरात बाकी सगळ्यावर वाद व्हायचे, खुणांवर नाही.

बावीस वर्षांपूर्वी धाकटा सुट्टीत आला होता. एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, अंगात वारं भरलेला. आप्पा गुडघ्याच्या दुखण्यानं घरात पडून होते. "ताई, दे ना, एकच फेरी," म्हणत त्यानं ट्रॅक्टर घेतला आणि ज्या खडकाला तिसरीतलं पोरही वळसा घालून जातं, त्या खडकावर शेवटचा तवा घातला. तवा फुटला. त्याची हनुवटी सुकाणूच्या चाकावर आपटून फाटली. आणि नांगराचा कणा, शेवटच्या तव्यापाशी, बोटभर वाकला.

तवा दुसरा मिळाला. कणा मिळणार नव्हता, तो बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. थोरलीनं भावाच्या हनुवटीला फडकं बांधलं, आणि आप्पांना जाऊन सांगितलं की मी चालवत होते, माझ्याकडून तवा फुटला. कण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आप्पा त्या दिवशी जे म्हणाले ते पुढं बावीस वर्षं म्हणत राहिले: "बाईच्या हातात दिलं की असं होतं."

धाकट्यानं मिठाची गुळणी धरली.

वाकलेल्या कण्यावर आप्पांच्या खुणा चालेनात. मग तिनं तिचा हंगाम झटापटीत घालवला. मागच्या चाकाच्या पट्टीमागं पाचर घातली, शेवटचा तवा एक भोक मागं घेतला, आडवा दांडा खुणेच्या पुढं अंगठाभर फिरवला. नांगर परत लोण्यातून गेला. पण तिनं छिन्नी उचलली नाही. दरवर्षी ती खडूनं रेघा मारायची, शेत नांगरायची, आणि हंगाम संपला की सगळं सोडवून नांगर परत आप्पांच्या खुणांवर आणून ठेवायची. कारण आप्पा काठी टेकत शेडमध्ये यायचे, अंगठ्यानं एकेक खूण चाचपायचे आणि विचारायचे, "खुणेवरच चालवलास ना?" ती म्हणायची, "हो." बावीस वेळा म्हणाली होती.

गेल्या वर्षी ते "हो" म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. पण म्हणाली.

साडेआठला ठेकेदार आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चिखलाला न भिणारे चांगले बूट. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं नांगराभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "माझ्या आजोबांकडे होता असा. पण त्यांचा लाल नव्हता हो."

"आमचाही नव्हता," थोरली म्हणाली.

तोवर तिनं तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन तव्यांची आतली बाजू खरवडून काढली होती. तासभर ब्रश फिरवून मनगटं भरून आली होती आणि प्रत्येक फटक्याला धाकट्याच्या नावानं एक शिवी मनात उमटत होती. माती खरवडणाऱ्या पट्ट्याही त्यानं रंगवून तव्याला घट्ट चिकटवून ठेवल्या होत्या. त्या सोडवून तिनं दोन बोटं अंतरावर घेतल्या.

आप्पांची खुर्ची अंगणात आणली. ट्रॅक्टरची डावी चाकं सहा इंची लाकडी ठोकळ्यांवर चढवली. उजवं चाक शेतात तासाच्या तळातून चालतं, डावं वरून. तसा तिरपेपणा घरातच दिला तर नांगर शेतात सपाट बसतो. मग आप्पा काठीवर रेलून उठले आणि पहिल्या खुणेवर अंगठा ठेवला. अंगठा इकडं गेला, तिकडं गेला.

"खूण कुठाय?"

त्यांनी अंगठा परत सुरुवातीला आणला.

"माझी खूण कुठाय?"

"आप्पा, ते चरे होते ना, मी पुट्टीनं..." धाकट्याचा हात हनुवटीवर गेला.

आप्पा इतके संतापले की त्यांना शब्द फुटेना. काठी मात्र फुटायच्या बेतात होती. थोरलीला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिनं खिशातून खिळा काढला आणि एकेक खूण कोरून मोकळी केली. लाल भुकटी तिच्या नखांत भरली. सातही खुणा निघाल्या. आप्पांनी तिला पाना हातात घ्यायला लावलं आणि स्वतः अंगठा ठेवून प्रत्येक रेघ रेघेसमोर आणून घेतली. "अजून. अजून जरा. बस." आज बावीस वर्षांत पहिल्यांदा ते नांगर लागेपर्यंत उभे राहिले होते. खडूला वाव नव्हता. पाचर तर जगातच नव्हती.

तिला तोंड उघडायची वेळ इथंच होती. पण खोटं बावीस वर्षं जुनं झालं की त्यालाही गंज चढतो, पाना लावला तरी चटकन फिरत नाही. ती तशीच ट्रॅक्टरवर चढली. वेडी आशा होती, दुसरं काय?

खालच्या शेतात नांगर जमिनीत उतरला आणि दहा पावलांतच तिच्या कमरेला कळलं. शेपूट बाहेर फेकलं जात होतं. पुढचा तवा घास मोठा घेत होता, शेवटचा तवा न कापलेल्या जमिनीवर नुसता घसरत होता, ट्रॅक्टरचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. तिनं सुकाणू दोन्ही हातांनी आवळून धरलं. तरी तास असा निघाला की बघणाऱ्याला दया यावी. वीस पावलांवर तिनं थांबवलं.

बांधावर धाकट्यानं खांदे उडवले. आप्पांना दिसत नव्हतं, पण इंजिन कसं कण्हतंय ते ऐकू येत होतं.

"खुणा बरोबर होत्या," आप्पा म्हणाले. "मी स्वतः लावल्या. मग चालवणाराच बरोबर नाही. बाईच्या हातात दिलं की..."

"आप्पा, जाऊ द्या," धाकटा समजुतीनं म्हणाला आणि ठेकेदाराकडे वळून हसला. "ताईचं आणि या नांगराचं जुनं वैर आहे. एकदा तर तिनं खडकावर घालून तवाच फोडला होता! केवढा मोठा खडक, आंधळ्यालाही दिसेल असा. आमच्याकडे पाहुणे आले की अजून हसतो आम्ही त्यावर."

थोरलीनं इंजिन बंद केलं.

ती खाली उतरली. ट्रॅक्टरच्या पेटीतून सुतळीचा गुंडा काढला. नांगराच्या पुढच्या टोकाला सुतळी बांधली, कण्याच्या कडेनं मागच्या टोकापर्यंत नेली आणि ताणून गाठ मारली.

"आप्पा, इकडं या."

"काय आहे?"

"या म्हणते ना!" तिनं आप्पांवर आवाज चढवला होता, आयुष्यात पहिल्यांदा. ठेकेदारानं आप्पांना हात दिला. ढेकळांतून ते सावकाश आले. तिनं त्यांचं बोट धरून सुतळीवर ठेवलं. "ही दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलीय. कणा सरळ असता तर दोरी त्याला चिकटून बसली असती. चाचपत जा."

आप्पांचं बोट सुतळीवरून सरकत गेलं. शेवटच्या तव्यापाशी ते थांबलं. सुतळी आणि लोखंड यांच्यामध्ये त्यांचं अख्खं बोट आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढलं, परत आत घातलं.

"हा वाकलाय."

"बावीस वर्षांपूर्वी. तुमच्या खुणा सरळ कण्याच्या आहेत, आप्पा. त्या दिवसापासून एकदाही चालल्या नाहीत. मी पाचर घालून, तवा सरकवून चालवत आलेय, आणि तुम्ही बघायला यायच्या आधी सगळं परत तुमच्या खुणांवर आणून ठेवत आलेय."

"दरवर्षी मी विचारत होतो."

"दरवर्षी मी खोटं सांगत होते."

धाकटा पुढं आला. "म्हणजे तू तवा फोडलास तेव्हा कणासुद्धा वाकवलास? आणि सांगितलं नाहीस? ताई, कमाल आहे तुझी!"

तिच्या कानशिलात ठण्‌ झालं. तिला वाटलं होतं, निदान आत कुठंतरी त्याला माहीत असेल. रात्री कधी झोप येत नसेल तेव्हा तरी आठवत असेल. पण त्यानं तिचं खोटं इतक्या सोयीनं गिळलं होतं की ते त्याचं खरं होऊन बसलं होतं.

"ट्रॅक्टर कोण चालवत होतं?" तिनं विचारलं.

"तू."

"तुझ्या हनुवटीवर काय आहे?"

"हे? हे सायकलवरून..." त्याचा हात वर गेला आणि व्रणावर थांबला. "सायकलवरून पडलो होतो ना मी."

"कुठली सायकल? तुला सायकल येत होती कधी? शेजारच्याच्या मागं बसून जायचास तू. सुकाणू लागलं तुला. याच ट्रॅक्टरचं. माझी नवी ओढणी फाडून बांधली होती मी, आणि तू म्हणत होतास, ताई, आप्पांना सांगू नकोस, ते मला मारतील. मी सांगितलं नाही. बावीस वर्षं बाईचे हात, बाईचे हात ऐकून घेतलं. आणि तू? पाहुण्यांना हसवतोस माझ्यावर! माझी पाचर भंगारात घालतोस! वर पाटी करून आणतोस!"

धाकटा जागच्या जागी उभा होता. व्रणावरचा हात त्याला काढता येईना. आठवलं की नाही कोण जाणे, पण चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला, आणि तो कुठल्या डब्यातून परत चढवता येण्यासारखा नव्हता. ठेकेदार बुटांकडे बघत होता.

आप्पांनी काठी ढेकळात रोवली. मग म्हणाले, "मग आज का सांगितलंस?"

"कारण आज शेत जातंय," थोरली म्हणाली. "नसतं जात तर आजही हो म्हणाले असते. एवढी मूर्ख आहे मी."

"माझी अट खुणांची होती."

"तुमची अट वाकड्या कण्याला सांगा, मला नका सांगू."

ती उत्तरासाठी थांबली नाही. तिला आता परवानगी नको होती, पाचर हवी होती. पेटीत बसेल असं काही नव्हतं. घराकडे जाताना फाटकाशी ती पाटी भिंतीला टेकून उभी दिसली. चांगलं जाड पोलाद. थोरलीनं ती उचलून शेडच्या पकडीत आवळली आणि करवतीनं कोपऱ्याच्या दोन पट्ट्या कापल्या. धाकटा मागोमाग आला होता. त्यानं तोंड उघडलं, तिनं करवत न थांबवता वर बघितलं, त्यानं तोंड मिटलं. 'आमच्या' शब्द कटला, त्याला इलाज नव्हता.

दोन पट्ट्या एकावर एक ठेवून तिनं चाकाच्या पट्टीमागं ठोकल्या. शेवटचा तवा एक भोक मागं. आडवा दांडा अंगठाभर पुढं, तिच्या अंगठ्यानं अंगठाभर. टॉपलिंक दीड आटा आत. चाकाची स्प्रिंग जराशी ढिली. हे सगळं करताना तिला खडूची गरज लागली नाही. राग एवढा होता की हात चुकायला जागाच नव्हती.

मग ती ट्रॅक्टरवर चढली, शेताच्या दुसऱ्या कडेला गेली, समोरच्या टोकाच्या खांबावर नजर लावली आणि नांगर खाली सोडला.

तवे जमिनीत शिरले. शेपूट जागेवर राहिलं. इंजिनचा आवाज खाली आला, स्थिरावला, आणि तिन्ही तव्यांवरून माती एकसारखी पलटायला लागली. सुकाणूला तिनं एक हात लावला होता, तोही सवय म्हणून. टोकाला पोचून तिनं नांगर उचलला तेव्हा तिला कळलं की ती सबंध वाटभर दात आवळून बसली होती. जबडा दुखत होता.

ठेकेदार तासाच्या तोंडाशी बसला, एक डोळा मिटून दुसऱ्यानं टोकापर्यंत बघितलं. उठला, गुडघ्याची माती झटकली. "सुतासारखा सरळ आहे," तो आप्पांना म्हणाला. "माझ्या यंत्राला जीपीएस आहे तरी मला असा येईल याची खात्री नाही." मग जरा घुटमळून, "मग माझं काय ठरलं म्हणायचं?"

"तुमचा वेळ गेला, माफ करा," आप्पा म्हणाले.

ते तासात उतरले. कुणाचा हात घेतला नाही. काठीनं खोली मोजली, चार पावलं पुढं जाऊन परत मोजली, अजून पुढं जाऊन अजून एकदा. सगळीकडे सारखीच भरली असावी, कारण त्यांनी चौथ्यांदा काठी उचलली नाही. मग नांगराशी आले आणि आडव्या दांड्यावर स्वतःची खूण शोधली. दोन रेघा समोरासमोर नव्हत्या. मधे अंगठाभर अंतर होतं. त्यांनी ते अंतर अंगठ्यानं मोजलं.

धाकटा जवळ येऊन उभा होता. "आप्पा, मी..." त्यानं सुरुवात केली.

"छिन्नी आण," आप्पा म्हणाले. "आणि हातोडा."

तो पळत गेला. एवढा मोठा माणूस, एक्केचाळीस वर्षांचा, शाळेतल्या पोरासारखा पळत गेला आणि धापा टाकत आला. त्यानं छिन्नी आप्पांपुढं धरली. आप्पांनी घेतली नाही. त्यांनी मान थोरलीकडे वळवली.

तिनं छिन्नी घेतली. आप्पांच्या रेघेपासून अंगठाभर अंतरावर टेकवली. बावीस वर्षं खडूनं मारलेली रेघ जिथं यायची, तिथंच. तिनं हातोडा मारला. लाल रंगाचा टवका उडाला आणि खाली लोखंड पांढरं चमकलं.

आप्पांनी वाकून त्या चऱ्यावर अंगठा फिरवला. परत फिरवला. खालचा ओठ पुढं आला, त्यांना एखादी गोष्ट पसंत नसली की यायचा तसा.

"खोल मार," ते म्हणाले. "ही रंगाखाली जाईल."